लॅग, पिंग, एफपीएस: गेम नेमका कुठे अडकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'माझा गेम लॅग होतोय, काय करू?' हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की शेवटी उत्तरं एका जागी लिहून काढली. अडचण अशी की 'लॅग' या एका शब्दाखाली निदान डझनभर वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. दुखणं असतं वायफायचं आणि माणूस नवी रॅम घेऊन येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं असतं: आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा आणि अगदी शेवटी पैशाला.

प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गेम लॅग होतो म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे ओळखायचं कसं?

लोक तीन निरनिराळ्या गोष्टींना लॅग म्हणतात. पहिली, चित्र अडखळणं: कॅमेरा फिरवला की सगळा पडदाच हिसके देतो. दुसरी, नेट अडखळणं: तुमचं चित्र गुळगुळीत असतं, पण बाकीचे खेळाडू उड्या मारत पुढे सरकतात, तुम्ही दहा पावलं चालता आणि गेम तुम्हाला मागे खेचून आणतो. तिसरी, दाबलं आणि घडलं यातलं अंतर: चित्रही नीट, नेटही नीट, पण बटण दाबल्यावर उडी जरा उशिराच लागते.

पहिली आणि दुसरी वेगळी करायला पाच मिनिटं पुरतात. सरावाच्या मोडमध्ये किंवा ऑफलाइन जा, मोकळ्या जागी उभे राहा आणि कॅमेरा गोल गोल फिरवा. तिथेही हिसके बसले तर नेटचा त्यात काही दोष नाही, प्रश्न २ ते ९ वाचा. ऑफलाइन सगळं लोण्यासारखं चाललं आणि ऑनलाइन गेल्यावरच बिघडलं, तर प्रश्न १० पासून पुढे. तिसऱ्या प्रकाराचे संशयित ५, ७, १७ आणि १८ मध्ये सापडतील.

२. एफपीएस किती असला म्हणजे पुरे?

एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढली जातात ते. मला तो आकडा उलटा करून बघायला आवडतं, म्हणजे एका चित्राला किती वेळ मिळतो. ३० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला ३३.३ मिलिसेकंद येतात, ६० ला १६.७, १२० ला ८.३. तेवढ्या वेळात गेमला तुमचं बटण वाचायचं असतं, शत्रूने काय करायचं ते ठरवायचं असतं, सावल्या पाडायच्या असतात आणि चित्र पडद्यावर पाठवायचं असतं.

असं उलटं पाहिलं की एक गंमत दिसते. ३० वरून ६० वर गेलात तर प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद वाचतात. ६० वरून १२० वर गेलात तर आणखी ६० एफपीएस मिळाले, पण वाचले फक्त ८.३. म्हणून पहिली झेप डोळ्यांत भरते आणि पुढच्या झेपा हळूहळू कमी जाणवतात. ४० एफपीएसला एका फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे वेळेच्या हिशेबात ते ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये बसतं. हातातल्या कन्सोलवर ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० वेळा ताजा होणारा) पडदा आणि ४० एफपीएस ही जोडी इतकी सुखाची का वाटते, ते यामुळे.

माझं मत विचाराल तर कथा उलगडणारा, सावकाश चालणारा गेम स्थिर ३० ला आनंदाने खेळता येतो, नेमबाजीला आणि शर्यतीला ६० हवेत. आणि कधी ४५ तर कधी ७५ असे हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा ठाम ६० वर बांधलेला गेम केव्हाही बरा.

सिनेमा २४ फ्रेममध्ये छान दिसतो, मग गेमला जास्त कशाला, असंही पुष्कळजण विचारतात. सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमवर हालचालीचा पुसटपणा आपोआप उतरतो, त्यामुळे डोळा दोन फ्रेम सांधून घेतो. शिवाय सिनेमा तुमच्या हाताची वाट बघत नाही. गेम बघतो.

३. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण काहीच फरक दिसत नाही. फसलो का?

बहुधा नाही. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो ते. एफपीएस म्हणजे यंत्र किती चित्रं पुरवतं ते. दोन्ही जुळल्याशिवाय फरक दिसणार नाही.

आधी विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बघा. नवा मॉनिटर जोडल्यावर तो ६० वरच राहिलेला असणं ही या सगळ्या यादीतली सर्वांत नेहमीची चूक आहे. लोक महिनोन्‌महिने १४४ चा मॉनिटर ६० वर चालवतात. तिथे १४४ चा पर्यायच दिसत नसेल तर केबल आणि पोर्ट तपासा. जुन्या एचडीएमआयला वरचे आकडे झेपत नाहीत, डिस्प्लेपोर्ट लावून पाहा. आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टात घाला.

हे सगळं ठीक असूनही फरक दिसत नसेल, तर गेमच ६० वर बांधलेला आहे किंवा यंत्राला त्याच्या वर जाता येत नाही.

४. आकडा ६० दाखवतो, तरी मध्येच झटका बसतो. असं का?

कारण तो आकडा सरासरीचा असतो. एका सेकंदात ५९ फ्रेम झटपट आल्या आणि एकीलाच १०० मिलिसेकंद लागले, तरी सरासरी छानच दिसते. तुमच्या हाताला मात्र नेमकी तीच एक फ्रेम बोचते. म्हणून मोजताना फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामसोबत येणारं रिव्हाट्यूनर तो पडद्याच्या कोपऱ्यात काढून दाखवतं. आलेख सपाट असेल तर सगळं ठीक, मध्येच सुळके दिसले तर तोच तुमचा झटका. चाचण्यांमध्ये 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा देतात, तोही हेच सांगतो: सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमच्या वेळी काय हालत होती.

पीसीवर या सुळक्यांचं हल्लीचं मोठं कारण म्हणजे शेडर. प्रकाश, पाणी, धूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्यामुळे ते आधीच तयार करून पाठवता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) वेगळा, म्हणून ते तुमच्या यंत्रावर तयार करावे लागतात. पहिला स्फोट झाला, त्या स्फोटाचा शेडर तयार नव्हता, तो बनेपर्यंत गेम थांबला, आणि तुम्हाला झटका बसला. दुसऱ्या स्फोटाला मात्र काहीच होत नाही. 'पहिल्यांदाच अडकतो, नंतर नाही' ही याची अगदी पक्की खूण. गेम सुरू होताना 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी आली तर ती घाईने टाळू नका, पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा होतं, त्यामुळे अपडेटनंतरची पहिली बैठक जरा खडबडीत जाणं स्वाभाविक आहे.

नव्या भागात शिरतानाच अडकत असेल तर हार्ड डिस्कवर संशय घ्या. मोठ्या उघड्या जगाचे गेम एसएसडीवरच ठेवा. आणि रॅमची एकच पट्टी लावली असेल तर दोन सारख्या पट्ट्या लावल्यावर खूप फरक पडतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात.

५. व्ही-सिंक चालू ठेवायचं की बंद?

पडदा अर्धा रंगलेला असताना नवी फ्रेम आली तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो, मध्ये आडवी चीर. व्ही-सिंक फ्रेमला पडद्याची वाट बघायला लावतं. चीर जाते, पण वाट बघण्याचा तो वेळ तुमच्या हाताला जाणवतो. शिवाय ६० हर्ट्झच्या पडद्यावर यंत्र ५५ पर्यंतच पोचत असेल तर साधं व्ही-सिंक तुम्हाला थेट ३० वर आणू शकतं.

मग पडद्याचा वेगच जुळवून घेणारी तंत्रं आली: जी-सिंक २०१३ साली जाहीर झालं, फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ पासून आले. त्यांनी हे नातं उलटं केलं: पडदाच फ्रेमची वाट बघतो. तुमच्या मॉनिटरमध्ये ते असेल तर चालू ठेवा आणि एफपीएस पडद्याच्या हर्ट्झपेक्षा दोन-तीनने खाली बांधा, १४४ असेल तर १४१. नसेल तर स्पर्धेच्या गेममध्ये व्ही-सिंक बंद, निवांत गेममध्ये चालू.

६. एफपीएस वाढवायला कोणती सेटिंग आधी कमी करू?

त्याआधी अडतंय कोण ते बघा, प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड. रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस उसळला तर ग्राफिक्स कार्ड अडत होतं. काहीच हललं नाही तर प्रोसेसर.

कार्ड अडत असेल तर सावल्या, प्रतिबिंबं, धुकं आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब) यांना आधी हात घाला. टेक्श्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) शेवटी, कार्डाची मेमरी पुरत असेल तर टेक्श्चर उंच ठेवूनही एफपीएस फारसा उतरत नाही, आणि ते कमी केले की गेम लगेच कळकट दिसतो. मेमरी पुरत नसेल तर मात्र तिथेच झटके सुरू होतात. प्रोसेसर अडत असेल तर गर्दी, दूरवरचं दिसणं आणि मोडतोडीचा तपशील कमी करा. त्या वेळी सावल्या कमी करून हाती काही लागायचं नाही.

७. डीएलएसएस, एफएसआर आणि फ्रेम जनरेशन म्हणजे खोट्या फ्रेमच ना?

डीएलएसएस आणि एफएसआर ही ग्राफिक्स कार्डवाल्यांची एफपीएस वाढवणारी तंत्रं. यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, लहान चित्र काढून मोठं करणं. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पीला सुमारे ३७ लाख. डीएलएसएसच्या 'क्वालिटी' मोडमध्ये गेम ४के साठी १४४०पीचं चित्र काढतो आणि उरलेलं मागच्या फ्रेमच्या आधाराने भरून काढतो. निम्म्याहून कमी काम, आणि डोळ्यांना बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. हे मी सगळ्यांना बिनदिक्कत सुचवतो.

दुसरं काम फ्रेम जनरेशनचं. २०२२ मध्ये डीएलएसएस ३ बरोबर ते आलं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक रचलेली फ्रेम घालायची असेल तर पुढची खरी फ्रेम तयार झाल्यावरही थोडी रोखून धरावी लागते. म्हणजे चित्र गुळगुळीत होतं, पण हाताला लागणारा उशीर घटत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात ६० च्या आसपास असलेला गेम १०० च्या वर नेला तर मजा येते. मुळात २५ असलेला गेम ५० वर नेला तर डोळ्यांना ५० आणि हाताला २५. त्या विसंगतीने माझं तर डोकं दुखतं.

८. फोनवर पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो, मग ढेपाळतो. रॅम भरते का?

रॅम नाही, उष्णता. फोनला सहसा पंखा नसतो. चिपची उष्णता मागच्या पाठीतून जितकी बाहेर पडेल तितकीच. ती साठत गेली की फोन स्वतःला वाचवण्यासाठी चिपचा वेग उतरवतो.

हे मी एकदा शेजारी घड्याळ ठेवून पाहिलं. ६० वर सुरू झालेला गेम साधारण बाराव्या मिनिटाला ५० च्या खाली आला. तोवर कॅमेऱ्याच्या शेजारी, काचेच्या एका ठरावीक जागी बोट ठेववत नव्हतं. जाड कव्हर काढलं, ब्राइटनेस अर्धा केला, तरी थोडाच फरक. मग गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स 'अल्ट्रा'वरून मधल्या पातळीवर आणलं आणि अर्धा तास झाला तरी ६० ढळला नाही. सुरुवातीला झेपणारी सेटिंग आणि तासभर झेपणारी सेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून फोनवर सेटिंग ठरवताना पहिल्या मिनिटाला नव्हे, विसाव्या मिनिटाला ठरवा.

पाठीला लावायचे छोटे पंखे खरंच काम करतात. रॅम 'साफ' करणारी अ‍ॅप काहीच करत नाहीत. बंद केलेली अ‍ॅप पुन्हा उघडायला उलट जास्त खर्च येतो. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका. आत ओल धरते आणि तो फोन कायमचा जाऊ शकतो.

९. चार्जिंग लावून खेळलं तर बॅटरी खराब होते का?

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं. खेळताना चार्जिंग लावलं की दोन्ही एकदम होतात. एखाद्या वेळी लावलं म्हणून काही बिघडत नाही, रोजची सवय मात्र वाईट. काही फोनमध्ये वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला देण्याची सोय असते, तिला बायपास चार्जिंग म्हणतात. असेल तर जरूर वापरा. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोयही आता पुष्कळ फोनमध्ये असते. तेवढंही नसेल तर आधी चार्ज करा, मग खेळा.

१०. पिंग म्हणजे काय, आणि किती असावा?

तुमच्याकडून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. नाव पाणबुडीच्या सोनारवरून आलंय: आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. माइक म्यूस या प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिहिला, त्याच नावाचा प्रोग्राम आजही आपण कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) वापरतो.

३० च्या आत असेल तर उत्तम, ६० पर्यंत कुठलीच तक्रार नको, १०० च्या पुढे नेमबाजीत जाणवायला लागतो. बुद्धिबळासारख्या पाळीपाळीच्या गेममध्ये २०० सुद्धा चालतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कायम ८० असलेला पिंग हाताला सवयीचा होतो. ३० आणि १५० मध्ये नाचणारा कधीच होत नाही. या नाचण्याला जिटर म्हणतात. निरोप वाटेतच हरवला तर तो पॅकेट लॉस, आणि त्याचे एक-दोन टक्केसुद्धा गेम नासवायला पुरतात.

११. माझं नेट २०० एमबीपीएस आहे, तरी पिंग १८०. कंपनी फसवतेय का?

एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी, पिंग म्हणजे गाव किती लांब. रस्ता आठपदरी केला म्हणून गाव जवळ येत नाही. ऑनलाइन गेमला रुंदी फारच थोडी लागते. बहुतेकांना तर १ एमबीपीएससुद्धा नाही. (गेम डाउनलोड करणं वेगळं. तिथे रुंदीच कामाची. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे १०० जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तासांच्या आसपास.)

अंतराच्या हिशेबातून कुणाचीच सुटका नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन यायलाच ५० मिलिसेकंद, आणि केबल कधी सरळ रेषेत जात नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. भूस्थिर उपग्रहाचं नेट असेल तर तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर; निरोप दोनदा वर आणि दोनदा खाली जाणार, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. त्यावर कोणतीही कंपनी काही करू शकत नाही. कमी उंचीवरच्या उपग्रहांचं, साधारण ५५० किलोमीटरवरच्या, नेट मात्र खेळण्याजोगं असतं.

तेव्हा आधी गेममध्ये कोणता सर्व्हर निवडलाय ते बघा. मित्राने बोलावलं म्हणून दूरच्या खंडाच्या सर्व्हरवर गेलेले आणि नंतर परत बदलायला विसरलेले खूप भेटतात.

१२. एरवी पिंग छान असतो, पण घरात कुणी व्हिडिओ लावला किंवा फाइल पाठवली की एकदम चढतो. का?

हे दुखणं फार जणांना असतं आणि फार कमी जणांना ठाऊक असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कित्येक महिने माझा गेम रात्री ठरावीक वेळी बिघडायचा. एक दिवस बाजूला दुसरी खिडकी उघडून त्यात 'पिंग -टी' ही सतत पिंग मोजणारी आज्ञा चालू ठेवली. २८, २९, २८, २८ असे आकडे खाली खाली सरकत होते. अचानक ९०, २१०, ३४०. तीन-चार मिनिटं तसंच, आणि पुन्हा २८. खोलीत दुसरं काहीच चालू नव्हतं. चार्जिंगला लावलेला फोन तेवढा होता. तो वायफायवर आला की दिवसभराचे फोटो वर चढवायला लागायचा. फोटो चढवणं बंद केलं आणि आकडा पुन्हा २८ वर येऊन बसला. इतके महिने मी दोष सर्व्हरला देत होतो.

होतं असं. राउटरच्या तोंडाशी निरोपांची रांग लागते. अपलोडचा रस्ता अरुंद असतो, फोटोंचे मोठे गठ्ठे रांगेत पुढे उभे राहतात आणि तुमचा गेमचा चिमुकला निरोप त्यांच्या मागे. निरोप टाकून देण्यापेक्षा साठवलेले बरे, असं समजून राउटरमध्ये रांगेला भरपूर जागा ठेवलेली असते, आणि तीच घात करते. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, आणि २०१२ मध्ये कोडेल नावाची रांग आवरणारी पद्धत पुढे आली.

उपाय: राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असा पर्याय असेल तर चालू करा आणि वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग तुमच्या ताब्यात येते. असा पर्याय नसेल तर बॅकअप आणि अपडेट पहाटेच्या वेळेला लावून द्या.

१३. वायफायवर खेळलं तर चालेल की केबलच हवी?

केबल शक्य असेल तर केबल. यात दुसरं मत नाही. वायफाय हवेतून जातं आणि हवा सगळ्यांची असते. एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं.

केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर या. २.४ वर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि आसपासचे सगळे राउटर गर्दी करतात. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तिथे तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतं, म्हणून राउटर खेळायच्या खोलीत किंवा निदान दाराच्या सरळ रेषेत ठेवा. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे नको.

१४. पिंग कमी आहे, मी भिंतीआड पोचलो, तरी गोळी लागून मेलो. समोरचा चीट करतोय का?

बहुतेक वेळा नाही. मला हा प्रश्न सर्वांत आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की गेमकडे बघायची नजरच बदलते.

ऑनलाइन गेममध्ये तुम्हाला 'आत्ता' कधीच दिसत नाही. समोरचा खेळाडू जिथे दिसतो तिथे तो काही क्षणांपूर्वी होता. तो निरोप सर्व्हरवरून तुमच्याकडे यायला वेळ गेला, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून तुमच्या गेमने आणखी थोडा वेळ मुद्दाम मागे ठेवला. आता समोरच्याने तुमच्या डोक्यावर नेम धरून गोळी झाडली. त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होता. त्याचा निरोप सर्व्हरवर पोचेपर्यंत तुम्ही भिंतीआड गेलात. न्याय कुणाला द्यायचा?

सर्व्हर इथे काळ मागे फिरवतो. प्रत्येक खेळाडू गेल्या काही क्षणांत कुठे कुठे होता याची नोंद त्याच्याकडे असते. गोळी झाडणाऱ्याला तेव्हा काय दिसत होतं ते तो हिशेब करून काढतो, तुम्हाला त्या जुन्या जागी उभं करतो आणि नेम बरोबर होता का ते तपासतो. बरोबर असेल तर गोळी लागली. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात. व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीने २००१ साली ही पद्धत सविस्तर लिहून मांडली. ती नसती तर प्रत्येकाला धावणाऱ्या शत्रूच्या पुढे, अंदाजाने, रिकाम्या हवेत नेम धरावा लागला असता. जुन्या काळी तसंच खेळत.

म्हणजे तुमच्या मरण्यात तुमच्या पिंगइतकाच समोरच्याचा पिंगही असतो. याचाच दुसरा परिणाम: कोपऱ्यावरून अचानक बाहेर येणाऱ्याला तुम्ही आधी दिसता, तो तुम्हाला नंतर दिसतो. म्हणून कोपरा धरून एकाच जागी बसण्यापेक्षा जागा बदलत राहणं फायद्याचं. सर्व्हर सेकंदाला किती वेळा जग ताजं करतो, म्हणजे टिक रेट, त्यानेही थोडा फरक पडतो. नेमबाजीच्या गेमपैकी व्हॅलोरंट १२८ वेळा करतो, सीएस:गोचे अधिकृत सर्व्हर ६४ वेळा करायचे.

चीटचा संशय घ्यायचाच असेल तर रीप्ले त्याच्या नजरेतून बघा. तिथे तुम्ही उघड्यावर दिसलात, तर त्याचा काही गुन्हा नाही.

१५. फायटिंग गेमवाले 'रोलबॅक आहे का?' असं का विचारतात?

तिथे मुख्य लढत दोघांचीच असते आणि काही ठोसे तीन-चार फ्रेममध्ये बसतात. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण येईपर्यंत दोन्हीकडचा गेम थांबायचा, त्यामुळे हात चिखलातून फिरवल्यासारखा वाटायचा. रोलबॅकमध्ये गेम थांबत नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन नव्याने काढतो. टोनी कॅनन या प्रोग्रामरने २००६ मध्ये जीजीपीओ नावाने हे लोकांपुढे आणलं आणि २०१९ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नवा फायटिंग गेम घेताना हा एक शब्द जरूर शोधा.

१६. व्हीपीएन किंवा 'पिंग बूस्टर' अ‍ॅपने पिंग कमी होतो का?

क्वचित. तुमच्या नेट कंपनीचा मार्ग उगाच लांबून जात असेल तर व्हीपीएन (तुमचे निरोप दुसऱ्या सर्व्हरमार्गे पाठवणारी सेवा) जवळची वाट देऊ शकतं. बाकी सर्व वेळी वाटेत एक थांबा वाढतो आणि पिंगही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ट्रेसर्ट' ही आज्ञा चालवून निरोप कुठल्या टप्प्यावर अडतो ते बघा. वळसा दिसला तरच प्रयोग करा. फोनवरची फुकट 'बूस्टर' अ‍ॅप अंतर कमी करू शकत नाहीत, कारण अंतर फोनमध्ये नसतंच. प्रश्न ११ मधला हिशेब त्यांनाही लागू आहे.

१७. ब्लूटूथ इअरफोनवर गोळीचा आवाज उशिरा येतो, पण व्हिडिओ बघताना येत नाही. असं कसं?

आवाज दाबून लहान करणं, हवेतून पाठवणं, पुन्हा उलगडणं यात साध्या ब्लूटूथला बहुतेक वेळा १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप हुशारीने चित्रही तेवढंच मागे ठेवतं, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. गेमला तसं करता येत नाही. चित्र मागे ठेवलं तर तुमचा हातच मागे पडेल. तारेचे इअरफोन किंवा यूएसबी रिसीव्हरसोबत येणारा २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट घ्या. इअरबडमध्ये 'गेम मोड' असेल तर उशीर कमी होतो, जात नाही.

१८. मॉनिटरवर चांगला चालणारा कन्सोल टीव्हीवर जड का वाटतो?

टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात वेळ घालवतो. गेम मोड लावा, काम झालं.

१९. क्लाउड गेमिंग असेल तर या सगळ्यातून सुटका?

यंत्राच्या दुखण्यांतून हो, नेटच्या दुखण्यांतून उलट दुप्पट. साध्या ऑनलाइन गेममध्ये तुमचं पात्र तुमच्याच यंत्रावर लगेच हलतं. क्लाउडमध्ये बटण सर्व्हरला जाणार, तिथे चित्र बनणार, व्हिडिओ होऊन परत येणार. साधं वळायचं म्हटलं तरी पूर्ण फेरी. शिवाय २५ एमबीपीएसने तासाभरात ११ जीबीहून जास्त डेटा जातो. गूगलची स्टेडिया ही क्लाउड सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. सर्व्हर जवळ असेल, केबल असेल आणि गेम सावकाश असेल तर अनुभव खरंच सुंदर असतो. नेमबाजीसाठी मी सुचवणार नाही.

२०. माझं उलटंच आहे: जुना गेम नव्या पीसीवर भलत्याच वेगाने पळतो. हाही लॅगच का?

हा लॅगचा जुळा भाऊ म्हणा. पूर्वी पुष्कळ गेम घड्याळ बघतच नसत; यंत्राला जितकं जमेल तितकं पळायचं, एवढंच. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होतील तसे उरलेले जोरात पळतात, ते याचमुळे: कमी आकृत्या काढायच्या म्हणून यंत्राचं काम हलकं व्हायचं. गेमचे निर्माते टोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम तसाच ठेवला आणि गेमचा सगळा थरार त्यातच आहे. पुढे पीसीच्या डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण आलं. जुने गेम खेळता यावेत म्हणून यंत्राचा वेग उतरवणं, हेच त्याचं खरं काम.

नंतरच्या गेममध्येही याचे अवशेष सापडतात. २०११ च्या स्कायरिममध्ये मूळ आवृत्ती ६० एफपीएसच्या वर नेली की टेबलावरच्या वस्तू आपोआप उडायला लागतात, कारण वस्तूंच्या हालचालीचा हिशेब फ्रेमला बांधलेला आहे. अशा गेममध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमधून त्या एकाच गेमपुरती ६० ची मर्यादा लावा. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) काळातले गेम असतील तर ते चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ११ ने वेग उतरवा, एफ१२ ने चढवा, आणि गेमचं संगीत कानाला बरोबर वाटलं की तिथेच थांबा.